सुभेदाराचा दरवाजा

रमजानच्या रात्री मशिदी भरून जातात. इशाच्या नमाजनंतर एका इमामामागे रांगा लागतात आणि तरावीहमध्ये पवित्र कुरआन क्रमाक्रमाने ऐकला जातो. ही सामुदायिक शिस्त इस्लामचे दुसरे खलिफा हजरत उमर बिन खत्ताब (रजि.) यांनी लावून दिली. हिजरी सन १४ च्या रमजानमध्ये मदिनेच्या मशिदीत कुणी एकटा, कुणी चार-पाच जणांसह अशी विखुरलेली नमाज चाललेली त्यांनी पाहिली आणि सगळ्यांना हजरत उबई बिन काब (रजि.) यांच्यामागे एकत्र उभे केले. दरवर्षी या महिन्यात त्यांचे हे ऋण आठवले जाते. त्यांनी लावलेली आणखी एक शिस्त मात्र तेवढी आठवली जात नाही. लोकांवर नेमलेल्या अधिकाऱ्याला जाब कसा विचारायचा, कोणत्या कारणासाठी त्याला पदावरून दूर करायचे आणि दूर करताना त्याची अब्रू कशी राखायची, याची ती शिस्त होती.

हजरत उमर मक्केतील कुरैश जमातीच्या बनू अदी घराण्यातले. वडील खत्ताब फार कडक. लहानपणी उमर त्यांचे उंट राखायचे आणि चुकले की मार खायचे. पुढे खलिफा झाल्यावर एकदा त्याच माळावरून जाताना ते थांबले होते. इथे उंटांमागे धावणाऱ्या मुलावर आता अल्लाहशिवाय कुणाचाही हुकूम चालत नाही, या जाणिवेने ते गहिवरले. मक्केत लिहिता-वाचता येणारे मोजके लोक होते, त्यांत ते होते. सुरुवातीला ते प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांचे कडवे विरोधक होते. बहीण फातिमा यांच्या घरी कुरआनच्या आयती कानावर पडल्या आणि त्यांचे मन पालटले. इ.स. ६३४ मध्ये पहिले खलिफा हजरत अबू बकर (रजि.) यांच्यानंतर राज्याची जबाबदारी त्यांच्यावर आली.

पुढच्या दहा वर्षांत त्या राज्याचा नकाशाच बदलला. दमास्कस, जेरुसलेम, इराक, इराण आणि मिस्र मदिनेच्या अमलाखाली आले. बसरा, कुफा, फुस्तात ही नवी शहरे वसली. एवढ्या दूरच्या प्रांतांवर मदिनेत बसून रोज नजर ठेवणे शक्य नव्हते. त्यामुळे सुभेदार नेमावे लागले. सैन्य त्यांच्या हाती, वसूल त्यांच्या हाती, न्यायनिवाडाही बहुतेक त्यांच्याच हाती. अशा माणसाचा तोल गेला तर प्रजेने दाद कुणाकडे मागायची, हा प्रश्न हजरत उमर यांना रात्रंदिवस छळत असे.

म्हणून नेमणुकीच्या वेळीच ते अटी घालत आणि त्यावर साक्षीदार ठेवत. सुभेदाराने तुर्की घोड्यावर मिरवायचे नाही, तलम कपडे घालायचे नाहीत, चाळलेल्या पिठाची भाकरी खायची नाही आणि गरजवंतासाठी आपला दरवाजा बंद ठेवायचा नाही. नेमणूक होताच त्याच्या मालमत्तेची यादी केली जाई. परत आल्यावर ती वाढलेली दिसली की वाढ कुठून आली हे सांगावे लागे. दरवर्षी हजच्या वेळी सुभेदारांना मक्केत हजर राहण्याचा हुकूम होता. तिथे हजारो लोकांसमोर खलिफा विचारत की, कुणाची काही तक्रार आहे का. सुभेदारांना लोकांच्या पाठीवर कोरडे ओढायला किंवा त्यांचा पैसा घ्यायला पाठवलेले नाही, दीन शिकवायला आणि न्याय द्यायला पाठवले आहे, हे ते सर्वांदेखत बजावत. एकदा एक माणूस उभा राहिला आणि आपल्या सुभेदाराने विनाकारण शंभर फटके मारल्याचे त्याने सांगितले. हजरत उमर यांनी त्याला तिथेच बदला घेण्याची मुभा दिली. मिस्रचे विजेते हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी मध्ये पडून विनवले की, असे झाले तर अधिकाऱ्यांना कारभार करणे कठीण होईल. अखेर फिर्यादी राजी झाला म्हणून प्रत्येक फटक्यामागे दोन दीनार याप्रमाणे दोनशे दीनार देऊन प्रकरण मिटले. फिर्यादी राजी नसता, तर फटके बसलेच असते.

तक्रारींच्या चौकशीसाठी त्यांनी हजरत मुहम्मद बिन मस्लमा (रजि.) या सचोटीच्या सहाबींना नेमले होते. त्यांची एक फेरी इतिहासात प्रसिद्ध आहे. कादिसियाच्या लढाईत इराणी फौजेचा पाडाव करणारे सेनापती हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) कुफ्याचे सुभेदार होते. ज्या दहा सहाबींना हयातीतच जन्नतची खूशखबर मिळाली, त्यांपैकी ते एक. कुफ्यात त्यांचे घर बाजाराला लागून होते. गलबला फार व्हायचा, म्हणून घराला भक्कम दरवाजा बसवला गेला. लोक त्या घराला सादांचा वाडा म्हणू लागले. ही बातमी मदिनेत पोहोचताच मुहम्मद बिन मस्लमा निघाले. कुफ्यात येऊन त्यांनी लाकडे विकत घेतली, दरवाजाला आग लावली, खलिफांचे पत्र सादांच्या हाती दिले आणि आल्या पावली परत फिरले. सादांनी देऊ केलेला वाटखर्चही त्यांनी घेतला नाही. दरवाजा गेला, पण सादांचे पद राहिले. चूक दुरुस्त होण्यासारखी असेल तर आधी चूक काढायची, माणूस नव्हे, असा हा हिशेब होता.

तक्रार आली म्हणजे ती खरीच, असेही हजरत उमर मानत नसत. सीरियातील हिम्सचे सुभेदार हजरत सईद बिन आमिर (रजि.) यांच्याविरुद्ध लोकांनी चार गाऱ्हाणी मांडली. ते दिवस बराच वर आल्याशिवाय बाहेर येत नाहीत, रात्री कुणी हाक मारली तर ओ देत नाहीत, महिन्यातून एक दिवस भेटतच नाहीत आणि मधूनच त्यांची शुद्ध हरपते. खलिफांनी सुभेदार आणि तक्रारदार यांना समोरासमोर बसवले. सईद यांना सांगायला संकोच वाटत होता, पण सांगावे लागले. घरी नोकर नव्हता, सकाळी पीठ मळून भाकरी तेच भाजत. दिवस लोकांना दिला होता, म्हणून रात्र अल्लाहसाठी राखली होती. अंगावरच्या कपड्यांचा एकच जोड होता, तो महिन्यातून एकदा धुऊन वाळेपर्यंत घराबाहेर पडता येत नसे. आणि मक्केत हजरत खुबैब (रजि.) यांना हाल करून मारले गेले, तेव्हा आपण तिथे होतो आणि मदतीला धावलो नाही, ही आठवण आली की त्यांना भोवळ येत असे. हजरत उमर यांनी अल्लाहचे आभार मानले. आपली निवड चुकली नव्हती याचा त्यांना आनंद झाला. सईद पदावर राहिले.

बसऱ्याचे प्रकरण याहून अवघड होते. तिथले सुभेदार हजरत मुगीरा बिन शोबा (रजि.) यांच्यावर इ.स. ६३८ च्या सुमारास व्यभिचाराचा आरोप झाला. आरोप करणारे ऐरेगैरे नव्हते, त्यांत एक सहाबीही होते. हजरत उमर यांनी लगेच हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांना नवे सुभेदार म्हणून पाठवले आणि मुगीरा यांना साक्षीदारांसह मदिनेत बोलावून घेतले. आरोपी पदावरच राहिला असता, तर त्याच्याविरुद्धचे साक्षीदार त्याच्याच अमलाखाली राहिले असते. मदिनेत सुनावणी झाली. अशा आरोपाला कुरआनने चार प्रत्यक्ष साक्षीदारांची अट घातली आहे. तिघांनी ठाम साक्ष दिली, चौथ्याला खात्रीने सांगता आले नाही. आरोप सिद्ध झाला नाही. मुगीरा सुटले आणि आरोप सिद्ध करू न शकलेल्या तिघांना कायद्याप्रमाणे ऐंशी-ऐंशी फटके बसले. तरीही मुगीरा बसऱ्याला परत गेले नाहीत. ज्या शहरात एवढी कुजबुज झाली, तिथे त्यांचा हुकूम पूर्वीसारखा चालला नसता. या एका प्रकरणात दोन वेगळी मापे स्पष्ट दिसतात. माणसाला शिक्षा द्यायची, त्याच्या नावाला डाग लावायचा, तर पुरावा पक्का हवा. पद काढून घ्यायला मात्र लोकांचा विश्वास उडणे पुरेसे आहे. कारण अब्रू माणसाची स्वतःची असते, पद ही लोकांची अमानत असते.

उलट बाजूही होती. गुन्हा घडला आणि शिक्षाही झाली, पण पद गेले नाही, असा मिस्रमधला प्रसंग इस्लामी परंपरेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. अम्र बिन आस यांच्या मुलाने शर्यतीवरून एका स्थानिक ख्रिस्ती तरुणाला चाबकाने मारले. तो तरुण मजल दरमजल करत मदिनेला आला. हजरत उमर यांनी बापलेकांना बोलावून घेतले, चाबूक त्या तरुणाच्या हाती दिला आणि तेवढेच फटके मारायला सांगितले. बापाच्या जोरावर मुलगा माजला, म्हणून एक फटका बापालाही मार, असेही त्यांनी सुचवले. आपल्याला मारणाऱ्याला आपण मारले, एवढे पुरे, असे म्हणून तरुणाने चाबूक खाली ठेवला. अम्र यांची सुभेदारी चालू राहिली. पुढे त्यांच्या वाढलेल्या मालमत्तेचा हिशेब झाला आणि निम्मा हिस्सा सरकारी खजिन्यात, म्हणजे बैतुलमालमध्ये जमा झाला. तो वसूल करायलाही मुहम्मद बिन मस्लमाच गेले होते.

या कारभाराचा एक धागा आपल्या कोकण किनाऱ्यापर्यंत येतो. बहरीन आणि ओमानचे सुभेदार उस्मान बिन अबुल आस यांनी इ.स. ६३६ च्या सुमारास खलिफांची परवानगी न घेता समुद्रमार्गे ठाण्याच्या बंदरावर फौज पाठवली. फौज सुखरूप परतली. शाबासकीच्या अपेक्षेने त्यांनी मदिनेला पत्र धाडले. उत्तरात मात्र खरडपट्टी आली. माणसांना असे लाकडाच्या आधारावर समुद्रात लोटायचे नव्हते. ती बुडाली असती तर तेवढीच माणसे तुझ्या जमातीतून घेतली असती, असा त्या पत्राचा आशय होता. मोहीम फसली नाही म्हणून अधिकार ओलांडल्याचा दोष धुतला जात नाही, हे त्यांनी सुनावले.

हजरत उमर यांच्या निर्णयांपैकी सर्वाधिक चर्चा आजही होते ती हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांच्या बडतर्फीची. खालिद म्हणजे त्या काळातले सर्वांत मोठे सेनानी. प्रेषितांनी (स.) त्यांना अल्लाहची तलवार म्हटले होते. खलिफा होताच हजरत उमर यांनी सीरियाचे सरसेनापतीपद त्यांच्याकडून काढून हजरत अबू उबैदा बिन जर्राह (रजि.) यांना दिले. खालिद यांनी हुकूम मानला आणि ते अबू उबैदांच्या हाताखाली लढत राहिले. इ.स. ६३८ मध्ये एका मोहिमेनंतर अशअस बिन कैस हा सरदार त्यांच्याकडे आला. खालिद यांनी त्याला दहा हजार दिरहम बक्षीस दिले. खबर मदिनेत पोहोचली. हजरत उमर यांचा सवाल सरळ होता. ही रक्कम लुटीच्या सार्वजनिक वाट्यातून दिली असेल तर ती अफरातफर झाली. खिशातून दिली असेल तर उधळपट्टी झाली. दोन्हींपैकी काहीही असले तरी पद जाईल.

भर सभेत खालिद यांना विचारणा झाली. अबू उबैदा मिंबरवर गप्प बसून होते. एवढ्या मोठ्या वीराला जाब विचारायला त्यांची जीभ रेटेना. तेव्हा प्रेषितांचे (स.) मुअज्जिन हजरत बिलाल (रजि.) उठले. त्यांनी खालिद यांची टोपी उतरवली आणि त्यांच्याच पागोट्याने त्यांना बांधून प्रश्न केला. एकेकाळी मक्केत गुलाम असलेला माणूस कुरैशच्या बड्या घराण्यातील सेनापतीला विचारत होता की, पैसा कुणाचा होता. खालिद यांनी तो आपलाच असल्याचे सांगितले. बिलाल यांनी लगेच बंध सोडले आणि स्वतःच्या हाताने टोपी व पागोटे पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवले. हुकमाची तामील झाली होती, आदर कमी झाला नव्हता.

मदिनेत आल्यावर खालिद यांनी आपली नाराजी तोंडावर बोलून दाखवली. मालमत्तेचा हिशेब झाला आणि जास्तीचे वीस हजार दिरहम खजिन्यात गेले. त्यानंतर हजरत उमर यांनी जे केले ते महत्त्वाचे आहे. त्यांनी सगळ्या प्रांतांना पत्रे पाठवली. खालिद यांना रागापोटी किंवा विश्वासघाताबद्दल काढलेले नाही. लोक असे समजू लागले होते की विजय खालिद यांच्यामुळेच मिळतो. विजय देणारा अल्लाह आहे, हे लोकांनी विसरू नये, असा त्या पत्रांचा मतितार्थ होता. एका माणसाशिवाय राज्य चालणारच नाही असे वाटू लागणे, हेही त्याला बाजूला करण्याचे कारण त्यांनी मानले. कारण असा माणूस पुढे जाब देण्याच्या पलीकडे जातो. खालिद इ.स. ६४२ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्यामागे घोडा, शस्त्रे आणि एक गुलाम एवढेच निघाले. त्याची व्यवस्था लावण्याचे काम त्यांनी हजरत उमर यांच्यावरच सोपवले होते. ज्याने काढले त्याच्याच सचोटीवर मरताना विसंबावे, यापेक्षा मोठी पावती कोणती?

त्याच सुमारास कुफ्याहून पुन्हा तक्रार आली. साद न्यायाने वाटणी करत नाहीत, मोहिमेवर जात नाहीत, एवढेच काय, त्यांना नमाजही नीट पढवता येत नाही, असे काही लोकांचे म्हणणे होते. तिकडे नहावंदला इराणची मोठी फौज गोळा होत होती. अशा वेळी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या हेतूविषयी हजरत उमर यांना शंका आली आणि ती त्यांनी बोलूनही दाखवली. पण हेतू वाईट असला तरी तक्रार तपासायला हवी, असे त्यांनी ठरवले. मुहम्मद बिन मस्लमा पुन्हा कुफ्याला गेले. मशिदीमागून मशीद करत त्यांनी साद यांना सोबत ठेवून उघडपणे चौकशी केली. सगळीकडे लोकांनी चांगलेच सांगितले. बनू अब्सच्या मशिदीत तेवढा एक माणूस उठून विरोधात बोलला. मदिनेत साद यांनी आपण नमाज कशी पढवतो हे सांगितले. प्रेषितांनी (स.) शिकवली तशीच ती होती. हजरत उमर यांची खात्री पटली. साद निर्दोष होते. तरीही खलिफांनी त्यांना कुफ्याला परत पाठवले नाही. एवढ्या मोठ्या लढाईच्या तोंडावर सुभेदार आणि शहर यांच्यात फूट नको होती.

साद यांच्या जागी हजरत अम्मार बिन यासिर (रजि.) आले. आईवडिलांनी इस्लामसाठी प्राण दिलेले, स्वतः छळ सोसलेले, अत्यंत नेक गृहस्थ. काही काळाने कुफ्याचे लोक पुन्हा आले. अम्मार भले आहेत, पण त्यांना राजकारण कळत नाही, कारभार पेलत नाही, असे त्यांनी सांगितले. अम्मार यांनाही दूर करण्यात आले. वाईट वाटले का, असे विचारल्यावर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की, नेमणुकीचा आनंद झाला नव्हता, काढल्याचे मात्र वाईट वाटले. भारताच्या राज्यघटनेत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला पदावरून दूर करण्याची दोन कारणे दिली आहेत, सिद्ध झालेले गैरवर्तन आणि असमर्थता. दुसऱ्या कारणात गुन्हा नसतो, कलंक नसतो. चौदाशे वर्षांपूर्वी अम्मार यांच्यासारख्या पुण्यवान माणसाबाबत हाच भेद पाळला गेला होता. चांगुलपणा ही पदासाठी अट आहे, पण पुरेशी अट नाही.

सुभेदारांना जाब विचारणारे खलिफा होते. खलिफांवर मात्र चौकशी अधिकारी नेमलेला नव्हता. ती उणीव मदिनेच्या मशिदीतील सामान्य नमाजी भरून काढत. येमेनहून आलेले कापड सगळ्यांना सारखे वाटले गेले होते. उंचापुऱ्या हजरत उमर यांचा सदरा एका वाट्यात होणे शक्य नव्हते, तरी तो अंगावर दिसला. भर प्रवचनात त्यांना अडवून याचा हिशेब मागितला गेला. मुलगा अब्दुल्लाह यांनी उठून आपला वाटा वडिलांना दिल्याचे सांगितले, तेव्हाच प्रवचन पुढे सुरू झाले. खलिफांना राग आला नाही. सुभेदारांचे दरवाजे जाळणाऱ्याने स्वतःच्या दाराशीही पहारा ठेवला नव्हता.

इ.स. ६४४ मध्ये मुगीरा यांचा फिरोज नावाचा इराणी गुलाम त्यांच्याकडे फिर्याद घेऊन आला. मालक रोज फार रक्कम वसूल करतो, असे त्याचे म्हणणे होते. सुतारकाम, लोहारकाम आणि नक्षीकाम येणाऱ्या कारागिराला ती रक्कम जास्त नाही, असे हजरत उमर यांना वाटले. तो घुश्शात निघून गेला. काही दिवसांनी फजरच्या नमाजला खलिफा इमामतीसाठी उभे राहिले, तेव्हा त्याने खंजिराने त्यांच्यावर वार केले.

अंथरुणावर असतानाही त्यांचा हिशेब चालूच होता. आपल्यावर किती कर्ज आहे ते त्यांनी मुलाला मोजायला सांगितले. ते ८६ हजारांच्या घरात निघाले. ते घरच्या मालमत्तेतून फेडायची त्यांनी ताकीद दिली. नवा खलिफा निवडण्यासाठी सहा जणांची समिती नेमली. मुलगा अब्दुल्लाह सल्ल्यापुरता हजर राहील, खलिफा होणार नाही, असे बजावले. त्या सहा जणांत साद बिन अबी वक्कास यांचे नाव होते. निवड त्यांची झाली तर उत्तमच. नाही झाली तर जो कुणी खलिफा होईल त्याने साद यांची मदत घ्यावी. त्यांना आपण नालायक म्हणून किंवा बेइमान म्हणून काढलेले नव्हते, हे मरणाच्या दारात असलेल्या खलिफांनी सर्वांसमक्ष नोंदवून ठेवले.

समितीने हजरत उस्मान (रजि.) यांची निवड केली. नव्या खलिफांनी ती सूचना पाळली आणि साद पुन्हा कुफ्याचे सुभेदार झाले.